आजोबांची मावझर

मराठीच्या प्राध्यापकाने दिवाळी अंकात बंदुकीवर लिहावे, हे पाहून कुणाच्याही भुवया उंचावतील. खरे सांगायचे तर या हातांना खडू आणि लाल पेन्सिल यांपलीकडचे कोणतेही हत्यार पेलत नाही. पण आमच्या घरात एक बंदूक आहे, आणि तिच्यावरची अक्षरे वाचण्याची पाळी अखेर माझ्यावरच आली!

आम्ही मूळचे शेव्याचे. न्हावा-शेवा म्हटले की आज लोकांना कंटेनर आठवतात. आम्हांला भातखाचरे आठवतात. बंदरासाठी शेत गेले, घर गेले. १९८९ साली बंदर सुरू झाले. नव्या घरात आमच्याबरोबर देव आले, पाटा-वरवंटा आला आणि ही बंदूक आली. दर खंडेनवमीला तिची पूजा व्हायची. हळद-कुंकू, झेंडूची फुले, वर पाण्याचा शिंतोडा. मग थोरले काका मुलांना सांगायचे, "तुमच्या पणजोबांनी १९४३ साली इटलीत, सांग्रो नदीच्या काठी, जर्मनाच्या हातून ही हिसकावून घेतली!" आजोबा मराठा पलटणीत होते आणि सांग्रोवर लढले होते, हे अगदी खरे.

गेल्या वर्षी काकांनी ऐंशी ओलांडली. आता परवाना मुलाच्या नावावर करावा असे ठरले. वडिलोपार्जित झाली तरी बंदूक बिनपरवाना घरात ठेवता येत नाही. अर्जात बनावट आणि क्रमांक लिहायचा होता. परवान्यावरची शाई पुसट झालेली, आणि बंदुकीवरचा क्रमांक गंजाखाली. इतक्या वर्षांचे ते हळद-कुंकू आणि पाणी लोखंडाला मानवले नव्हते. चुलतभाऊ पॉलिशकागद घेऊन बसला. "घासून आरशासारखी करतो!"

तेवढ्यात शेजारचे सुभेदार आले, हे आमचे नशीब. त्यांची सारी हयात लष्करात बंदुका दुरुस्त करण्यात गेलेली. कागद हिसकावून घेत ते माझ्याकडे वळले. "काय हो प्राध्यापक, जुनी पोथी मळली म्हणून तुम्ही साबणाने धुता का?"

मग त्यांनी आमचा वर्ग घेतला. पहिली गोष्ट, बोल्ट मागे ओढून नळी आणि मॅगझिन रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री. "रिकामी आहे म्हणणाऱ्याच्याच बंदुकीतून गोळी सुटते," सुभेदार म्हणाले. गंजावर तेल लावून रात्रभर मुरू दिले. सकाळी मऊ फडक्याने पुसले. हट्टी डागांवर तेवढी अगदी बारीक पोलादी लोकर, तीही तेलात भिजवून. खालचा निळसर-काळा थर जाता कामा नये, ही सक्त ताकीद. नळीतून आधी कढत पाणी सोडले. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या दारूने नळीत क्षार बसतात. ते पाण्यात विरघळतात, तेलात नाही. खाडीकाठच्या माणसाला मिठाचा हा गुण वेगळा सांगायला नको! मग नळी कोरडी करून तेलाचा पातळ हात. लाकडी दस्ता पातळ फळ्या एकमेकींना चिकटवून केलेला होता; तो नुसता पुसून थोडे जवसाचे तेल चोळले.

आणि अक्षरे वर आली. डाव्या बाजूला नमुन्याचा आकडा, ९८. म्हणजे मूळ घडण १८९८ची. तिची ही आखूड आवृत्ती जर्मन लष्कराने १९३५ साली स्वीकारली आणि महायुद्धभर ती त्यांच्या पायदळाची नेहमीची बंदूक होती. एक इवलासा गरुड, खाली १३५; ही तपासनिसाची मोहोर. बोल्टवर, पट्ट्यांवर, तळाच्या पत्र्यावर सारख्याच क्रमांकाच्या खुणा. म्हणजे सगळे भाग एकाच घरचे. आणि माथ्यावर बी, वाय, एफ ही तीन रोमन अक्षरे. शत्रूला कारखाने कळू नयेत म्हणून जर्मन त्यांना सांकेतिक नावे देत. हे नाव ओबर्नडोर्फ गावच्या मावझर कारखान्याचे. त्याखाली साल होते, ४४.

मी ते मोठ्याने वाचले आणि जीभ चावली. १९४४ साली घडलेली बंदूक १९४३ साली हिसकावणार कशी?

काकांचा चेहरा उतरला. चुलतभाऊ हळूच म्हणाला, "एवढे दोन आकडे घासले तर?"

"शस्त्र कायद्याचं आठवं कलम वाच," सुभेदार गरजले. "बंदुकीवरची खूण पुसणं हा गुन्हा आहे!"

मी ट्रंकेतले कागद काढले. जुन्या परवान्यात, भिंगाखाली, नोंद सापडली: १९५२, मुंबईच्या एका दुकानातून खरेदी, कारण, रानडुकरांपासून पिकाचे रक्षण.

"म्हणजे बाबांनी पराक्रम केलाच नाही?" काका पुटपुटले.

मला आमच्याच जिल्ह्यातले, माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे आठवले. आजोबांच्याच रेजिमेंटचे. १० जुलै १९४४ रोजी, इटलीतल्या तिबर नदीच्या खोऱ्यात, सगळे साथीदार पडल्यावर ते एकटे मशिनगनच्या ठाण्यावर धावून गेले. मॅगझिन संपले, तेव्हा बंदूक नळीकडून धरून दस्त्याने लढले, आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावी त्यांचे स्मारक उभे राहिले. "काका, त्यांनी घरी काय आणलं?" मी विचारले. "पराक्रम काय वस्तूवरून ठरतो?"

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आठवलं. मी आठ वर्षांचा होतो. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने आम्ही मोऱ्याला आलो. बाबांच्या मांडीवर लांबट गाठोडं. मी विचारलं, ही कुणाची? म्हणाले, 'जर्मनाची. इटलीत दोन वर्षं हिच्या तोंडासमोर होतो. आता माझ्या भाताची राखण करील.' बस्स, एवढंच. बाकीची लढाई मीच रचली रे!"

खरेच, पूजेच्या वेळी आजोबा कधी ओटीवर थांबत नसत, असे आजी सांगायची. ते खाचराकडे निघून जात.

अर्जात आम्ही ४४ हेच साल लिहिले. यंदा खंडेनवमीला बंदुकीला हळद-कुंकू लागले नाही. शेजारी पाटावर मांडून पूजा केली. आणि काकांनी मुलांना गोष्ट सांगितली, ती लाँचमधल्या गाठोड्याची. मुले म्हणाली, "ही जास्त छान आहे."