अयन, संक्रांत आणि पानिपतची तारीख

जुना कागद हातीं यावा, मितीचा भाग कसरीनें खाल्लेला असावा आणि मजकुरांत ‘संक्रांतीचे दिवशीं’ एवढाच कालाचा दाखला उरलेला असावा, असा अनुभव संग्राहकांस नवा नाहीं. अशा वेळीं संक्रांत म्हणजे १४ जानेवारी असें धरून कागद लावण्याचा मोह होतो. तो कां आवरला पाहिजे, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उत्तरायण आणि मकरसंक्रांत या गोष्टी व्यवहारांत एकच समजल्या जातात. वस्तुतः त्या भिन्न आहेत. सूर्य दक्षिणेकडील परम मर्यादा गांठून उत्तरेस वळतो, तो क्षण उत्तरायणारंभाचा. हल्लीं तो बहुधा २१ किंवा २२ डिसेंबर रोजीं येतो. मकरसंक्रांत म्हणजे तारकांच्या अनुरोधानें ठरविलेल्या निरयन मकर राशींत सूर्याचा प्रवेश; तो हल्लीं १४ किंवा १५ जानेवारीस होतो. वराहमिहिराच्या काळीं, म्हणजे इसवी सनाच्या सहाव्या शतकांत, हे दोन क्षण जवळजवळ एकत्र येत. पूर्वीं उत्तरायण धनिष्ठारंभीं होत असे, आतां तें मकरारंभीं होतें, असें त्यानें बृहत्संहितेंत नमूद केलें आहे. पृथ्वीचा आंस भोंवऱ्याप्रमाणें डुलत असल्यामुळें अयनबिंदु प्रतिवर्षीं सुमारें ५० विकला मागें सरतो. ७२ वर्षांत हें अंतर एक अंश भरतें. अशा रीतीनें सांचलेल्या अंतरास अयनांश म्हणतात.

अयनांश काढण्याची सुटसुटीत रीत कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें शके १४४२ च्या ग्रहलाघवांत दिली आहे. शकांतून ४४४ वजा करावे व बाकीस ६० नीं भागावें, म्हणजे अंश येतात. महाराष्ट्रांतील पंचांगें पुष्कळ काळ याच ग्रंथावरून होत असत. सबब आपल्या दप्तरांतील कागदांस ही रीत विशेष उपयोगी आहे.

आतां प्रसिद्ध उदाहरण घेऊं. पानिपतचें युद्ध संक्रांतीच्या दिवशीं झालें, हें विधान वारंवार वाचावयास मिळतें. युद्धाची मिती निश्चित आहे: शके १६८२, विक्रमनाम संवत्सर, पौष शुद्ध ८, बुधवार, इंग्रजी तारीख १४ जानेवारी १७६१. परंतु १६८२ मधून ४४४ वजा जातां १२३८ उरतात व त्यांस ६० नीं भागतां २० अंश ३८ कला येतात. अर्वाचीन गणितानेंही हें मान सुमारें साडेवीस अंशच येतें. हिंवाळ्यांत सूर्याची दैनंदिन गति एक अंशाहून किंचित् अधिक असते. म्हणजे हें अंतर तोडण्यास त्यास सुमारें वीस दिवस लागले. अयन २१ डिसेंबर १७६० रोजीं झालें होतें. तेव्हां संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास, शुद्ध चतुर्थीच्या आसपास पडली. अष्टमीस ती होऊन गेलेली होती.

दुसऱ्या बाजूनेंही हाच निर्णय येतो. नाक्षत्र सौर वर्ष हें चालू इंग्रजी वर्षाहून सुमारें वीस मिनिटांनीं मोठें आहे, त्यामुळें संक्रांतीची तारीख हळूहळू पुढें जाते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो संक्रांतीचा दिवस होता. त्यापूर्वीं शंभर वर्षें ती १४ जानेवारीस असणें शक्य नाहीं.

हा चार दिवसांचा फरक क्षुल्लक नव्हे. पानिपतच्या छावणींत अन्नान्नदशा झालेली होती. तेथील एखाद्या मितीहीन पत्रांत संक्रांतीचा उल्लेख मिळाला, तर तें पत्र युद्धापूर्वींच्या शेवटच्या विवंचनेचा साक्षीदार ठरेल. १४ तारीख धरणारा अभ्यासक तेंच युद्धाच्या दिवशीं लोटील आणि तत्पूर्वींचा क्रम बिघडवील. ‘मराठ्यांवर संक्रांत आली’ हा शोकोद्गार म्हणून ठीक आहे. त्यावरून मिती ठरवूं नये.

शिवकालीन कागदांस आणखी एक सावधगिरी हवी. पोर्तुगीजांनीं १५८२ त नवी गणना स्वीकारली. इंग्रजांनीं ती सप्टेंबर १७५२ पर्यंत स्वीकारली नव्हती. राज्याभिषेकापूर्वींची संक्रांत पोर्तुगीज गणनेनें ९ जानेवारी १६७४ च्या सुमारास येते, तर इंग्रज वखारींच्या गणनेनें तीच ३० डिसेंबर १६७३ च्या सुमारास पडते. शुहूर सन सूर्याच्या मृगनक्षत्रप्रवेशास बदलतो; म्हणून त्याच्या आरंभासही हाच हिशेब लागू आहे. हल्लीं मृग ७-८ जूनला लागतो, शिवकालीं इंग्रजी जुन्या गणनेनें तो २३-२४ मेच्या सुमारास लागे.

जन्मपत्रिकांचेंही असेंच आहे. २१ डिसेंबर २०२० रोजीं, नेमक्या अयनदिनीं, गुरु व शनि परस्परांपासून अवघ्या सहा कलांवर आले. आकाश एकच, परंतु सायन मानानें ही युति कुंभारंभीं, तर निरयन मानानें मकरेंत झाली. तेव्हां पत्रिका कोणत्या मानाची, हें प्रथम ठरविलें पाहिजे. शिवाय ही युति सुमारें वीस वर्षांनीं होते व तिसऱ्या खेपेस, म्हणजे साठ वर्षांनीं, जवळपास त्याच स्थानीं येते. संवत्सरांचें चक्रही साठच वर्षांचें. सबब केवळ गुरु, शनि व संवत्सर एवढ्यावर विसंबल्यास साठ वर्षांची चूक सहज संभवते. राहूचा फेरा सुमारें साडेअठरा वर्षांचा असल्यामुळें तो ताडून पाहिला असतां हा संशय बहुधा फिटतो.

तात्पर्य, संक्रांतीचा दाखला मिळाला असतां प्रथम शक ठरवावा, अयनांश काढावे, अयनापासून दिवस मोजावे, इंग्रजी गणना जुनी कीं नवी तें पाहावें आणि शेवटीं तिथिवारांचा मेळ घालावा. एवढें केल्यावांचून आपल्या संग्रहांतील कोणत्याही कागदावर तारीख लिहूं नये, अशी आमची विनंति आहे.