‘हे खरे आहे काय?’ : सभागृहातला प्रश्न आणि आपली वस्ती



डिसेंबरात नागपूरचे अधिवेशन सुरू झाले की टीव्हीवर रोज घोषणा, फलक आणि सभात्याग दिसतो. मग “आमदार तिथे भांडायलाच जातात” असे आपण म्हणून मोकळे होतो. पण ज्या आदिवासी कुटुंबांसाठी तुम्ही प्रार्थना करता, वर्गणी देता, त्यांच्या उपयोगाचे एक काम त्याच सभागृहात चालते आणि ते टीव्हीवर फारसे येत नाही. ते काम म्हणजे आमदाराने मंत्र्याला प्रश्न विचारणे. हे कसे चालते आणि त्यात आपला वाटा काय, हे या लेखात पाहू.

हा हक्क आला कुठून?

इंग्रजांच्या काळात १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळाच्या सदस्यांना सरकारला प्रश्न विचारायची पहिल्यांदा परवानगी मिळाली. त्यावरही बरीच बंधने होती. १९०९ च्या कायद्यानंतर मूळ प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला. मुंबईच्या कायदेमंडळात फिरोजशहा मेहता, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारखी माणसे बसली ती याच काळात.

आपला मराठवाडा मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले आणि १९५२ मध्ये हैदराबाद राज्याच्या विधानसभेसाठी पहिली निवडणूक झाली. म्हणजे रेणापूर, किनवट, माहूरच्या गरिबाला मत देऊन आपला माणूस पाठवण्याचा आणि त्याच्या तोंडून सरकारला जाब विचारण्याचा हक्क तेव्हापासूनचा. ज्यांनी तो पहिल्यांदा वापरला अशी काही वयोवृद्ध माणसे आजही आपल्यात आहेत.

राज्यघटनेच्या कलम १६४ मध्ये म्हटले आहे की मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकपणे जबाबदार राहील. मंत्र्याने उत्तर द्यायचे ते मेहेरबानी म्हणून नव्हे, घटनेने त्याच्यावर टाकलेली जबाबदारी म्हणून.

विचारणारा आणि उत्तर देणारा

रेणापूरच्या लोकांना हे समजावून सांगायला दूरचे उदाहरण नको. २००९ च्या निवडणुकीपासून आपला तालुका लातूर ग्रामीण मतदारसंघात आहे, पण त्याआधी ‘रेणापूर’ नावाचाच मतदारसंघ होता. तिथून निवडून गेलेले गोपीनाथ मुंडे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. सरकारला जाब विचारणे हेच त्यांचे काम. १९९५ मध्ये सत्ता बदलली आणि तेच उपमुख्यमंत्री व गृहमंत्री झाले. आता उत्तरे देणे त्यांच्याकडे आले. त्याच सुमारास, १९९१ ते १९९६ या काळात, लातूरचे खासदार शिवराज पाटील चाकूरकर लोकसभेचे अध्यक्ष होते. कोणी प्रश्न विचारायचा आणि मंत्र्याचे उत्तर कुठवर चालवून घ्यायचे, हे पाहण्याची जबाबदारी अध्यक्षांची असते.

पक्ष कोणताही असो, यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. आमदार मंत्री झाला की त्याला सभागृहात प्रश्न विचारता येत नाही. तो स्वतःच सरकार असतो. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांनी राज्याला शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री दिले. आपल्या भागाचा माणूस मोठ्या पदावर गेल्याचा आनंद रास्त आहे. पण विचारणारा माणूसही तितकाच लागतो.

प्रश्नाचे प्रकार

कामकाजात प्रश्नोत्तरांसाठी एक तास राखलेला असतो. ज्या प्रश्नावर तारांकन असते, म्हणजे चांदणीची खूण असते, तो तारांकित प्रश्न. त्याचे उत्तर मंत्री उभे राहून देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. वेळेअभावी जे तारांकित प्रश्न पुकारले जात नाहीत, त्यांचीही लेखी उत्तरे सभागृहापुढे ठेवली जातात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते. एखादी तातडीची सार्वजनिक बाब असेल तर लक्षवेधी सूचना देता येते. उत्तराने समाधान झाले नाही तर अर्धा तास चर्चेची मागणी करता येते.

विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य आहेत. मंत्री सोडून यांपैकी कोणीही राज्यातल्या कोणत्याही गावाबद्दल विचारू शकतो. आपल्या मतदारसंघाच्या आमदाराने लक्ष दिले नाही तर दुसरे दार बंद नसते.

कागदावरची भाषा

या प्रश्नांची एक ठरलेली भाषा आहे. समजा, एखाद्या पारधी वस्तीतल्या मुलांना जातीचे दाखले मिळत नाहीत. फासेपारधी ही अनुसूचित जमात आहे. या दाखल्यासाठी कुटुंब ६ सप्टेंबर १९५० पूर्वीपासून राज्यात राहत असल्याचा पुरावा मागतात. ज्यांचे आजे-पणजे रानोमाळ फिरत जगले, त्यांच्याकडे १९५० चा कागद कुठून येणार? दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, वसतिगृहात राखीव जागा नाही. हा प्रश्न सभागृहात साधारण असा जाईल:

“(१) अमुक तालुक्यातील अमुक वस्तीवरील इतक्या कुटुंबांचे जातीच्या दाखल्यांचे अर्ज अमुक तारखेपासून प्रलंबित आहेत, हे खरे आहे काय? (२) असल्यास, शासनाने याबाबत चौकशी केली आहे काय? (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली? (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?”

उत्तर चार-सहा शब्दांचे असते. ‘हे खरे आहे.’ किंवा ‘हे अंशतः खरे आहे.’ किंवा ‘हे खरे नाही.’ आणि पहिल्याच भागाला ‘नाही’ आले की पुढच्या सगळ्यांना एकच उत्तर मिळते: ‘प्रश्न उद्भवत नाही.’

सगळी मेख इथेच आहे. “आदिवासींना दाखले मिळत नाहीत, हे खरे आहे काय?” असे मोघम विचारले तर खाते बिनदिक्कत ‘नाही’ म्हणू शकते, कारण कोणाला ना कोणाला दाखला मिळालेलाच असतो. पण वस्तीचे नाव, अर्जांची संख्या आणि पोचपावतीवरची तारीख दिली की खात्याला खालच्या कार्यालयाकडून माहिती मागवावीच लागते. मुंबईहून फोन येतो, धूळ खात पडलेली फाईल टेबलावर येते. पुष्कळदा उत्तर छापून येण्याआधीच काम हलते ते यामुळे.

आणि ही माहिती आमदाराकडे येते कुठून? ती वस्तीवर असते. शिक्षकाकडे, आरोग्यसेविकेकडे, आपल्या कार्यकर्त्यांकडे आणि मुख्य म्हणजे त्या आईबापांकडे असते. प्रश्न आमदार विचारतो, पण त्यातला दाणा आपल्याला भरावा लागतो.

आपण काय करू शकतो

पहिले, कागद जपायला शिकवणे. दाखल्याचा अर्ज असो, शिधापत्रिकेचा असो की वनहक्काचा दावा, पोचपावती घ्यावी आणि तिची प्रत ठेवावी. किनवट-माहूर भागात वनजमिनीचे दावे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेपासून सुरू होतात. दावा नाकारला तर ६० दिवसांत अपील करता येते. तारीख हाती नसेल तर अपीलही नाही आणि प्रश्नही नाही.

दुसरे, माहिती एका पानात द्यावी. गाव, कुटुंबांची संख्या, अर्जाची तारीख, मिळालेले उत्तर. लागल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा आधार घ्यावा. अधिवेशनाच्या बरेच आधी ते आमदारांच्या हाती पोचावे, कारण प्रश्नाची सूचना आगाऊ द्यावी लागते. आणि ऐकीव गोष्ट लिहू नये. एक आकडा चुकला तरी ‘हे खरे नाही’ म्हणायला खात्याला जागा मिळते.

तिसरे, उत्तर वस्तीवर परत न्यावे. हेच बहुतेकदा राहून जाते. मंत्र्याने सभागृहात “तीन महिन्यांत करू” असे म्हटले तर ते आश्वासन ठरते आणि अशी आश्वासने पाळली का, हे पाहायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. अनुसूचित जमाती कल्याण समिती जिल्ह्यांचे दौरे करते. सामान्य नागरिकांसाठी विनंती अर्ज समिती आहे. पण ज्या वस्तीला आपल्याला काय कबूल झाले आहे हेच ठाऊक नाही, ती कशाचा पाठपुरावा करणार?

चौथे, या कामासाठी कोणाला पैसे देऊ नयेत. २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेने ११ खासदारांना काढून टाकले होते. गरिबाचा प्रश्न विकत घेतला की तो गरिबाचा राहत नाही.

प्रश्नाची मर्यादा

प्रश्न विचारल्याने आश्रमशाळेचे छत दुरुस्त होत नाही. गोंधळात तास वाया जातात, उत्तरे गोलमाल असतात, अधिवेशने थोड्या दिवसांत संपतात. तरीही छापील उत्तराचे एक बळ असते. सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली तर मंत्र्याविरुद्ध हक्कभंगाची सूचना देता येते, म्हणून प्रत्येक शब्द तोलून लिहिला जातो. ‘हे अंशतः खरे आहे’ एवढे जरी आले, तरी ज्या माणसाला कार्यालयात “तुझा अर्जच आलेला नाही” असे सांगून परत पाठवले होते, त्याचे म्हणणे सरकारने मान्य केलेले असते.

गणनाच्या पुस्तकातल्या सलाफहादाच्या मुली आपल्याला ठाऊक आहेत. बापाला मुलगा नव्हता, म्हणून वतन जाणार होते. त्या पाच बहिणी मोशे, याजक आणि सरदार यांच्यासमोर, सगळ्या मंडळीदेखत उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारले. त्यांना वतन मिळाले आणि पुढच्या पिढ्यांसाठी नियमही झाला.

आपल्या वस्त्यांवरच्या बहिणींना मुंबईला किंवा नागपूरला जाऊन उभे राहता येत नाही. त्यांचा प्रश्न तिथवर नीट, खरा आणि तारखेनिशी पोचवणे आपल्या हातात आहे. पुढचे अधिवेशन जवळ आले की आपापल्या मंडळीत एक रविवार उपासनेनंतर अर्धा तास बसा. वस्तीतल्या लोकांना बोलवा, त्यांच्या पावत्या काढायला सांगा आणि ते एक पान त्यांच्याच तोंडून लिहून घ्या.