मुलांचे जेवण आणि मोठ्यांचा हट्ट

दोन-तीन वर्षांच्या मुलास दूधभाताखेरीज काही नको असते, भाजी दिसताच ते तोंड फिरविते, आणि मग घरातील सर्व मंडळी त्या एका घासासाठी कंबर बांधून उभी राहतात, हा प्रकार आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी नित्याचा आहे. काऊचिऊचे घास संपले म्हणजे खाऊचे आमिष, ते फसले म्हणजे बागुलबुवाचा धाक, आणि हल्ली ह्या दोहोंवर कडी म्हणून मोबाइलवरील चित्रे! इतके करूनही मूल जेवत नाही ते नाहीच. मग निकाल दिला जातो की, मूल हट्टी आहे व त्याच्या आईस वळण लावता येत नाही. हा निकाल आम्हांस मान्य नाही. पुरावा नीट तपासला असता, ह्या प्रकरणी हट्ट मुलापेक्षा मोठ्यांचाच अधिक आहे, असे दिसून येईल.

हा विषय बायकामुलांचा म्हणून हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी शेकडा ६७ मुलांच्या अंगी रक्त कमी आढळले. ह्यांतील पुष्कळांच्या घरी दारिद्र्य आहे व त्याचा उपाय स्वयंपाकघरात नाही, हे आम्ही जाणतो. पण ज्यांच्या घरी कशाची ददात नाही, त्यांच्याही मुलांचे ताट अनेकदा दूध, भात व बिस्किटे ह्यांपलीकडे जात नाही. दुधात लोह फारच थोडे. आणि दुधाने पोट भरलेले मूल डाळ-उसळीस शिवत नाही.

आता मुलाची बाजू ऐकू. पहिल्या वर्षात मूल वजनाने सुमारे तिप्पट होते. दुसऱ्या वर्षी ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढते. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते, हे स्वाभाविकच होय. शिवाय ह्याच वयात अनोळखी अन्नाविषयी मनात संशय उत्पन्न होतो. चालू लागलेल्या लेकराने दिसेल ते तोंडात घालू नये, अशी ही निसर्गाची तजवीज असावी, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

हा संशय जातो कशाने? अमेरिकेतील लीअन बर्च ह्या विदुषीने ह्याविषयी केलेले प्रयोग मननीय आहेत. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन वर्षांच्या मुलांनी नवा पदार्थ जितक्या अधिक वेळा चाखला, तितकी त्याची आवड वाढली. १९८४ च्या प्रयोगात दुधाचे एक पेय प्यायल्याबद्दल ज्या मुलांस बक्षीस मिळाले, त्यांस ते पुढे कमी आवडू लागले. आणि १९८० च्या प्रयोगात एखादी भाजी नावडणारी मुले, ती आवडीने खाणाऱ्या सोबत्यांच्या पंगतीस काही दिवस बसताच, तीच भाजी उचलू लागली. तात्पर्य, संवय व संगत हे खरे उपाय, लाच घातक.

‘आमच्या वेळी दोन धपाटे दिले की मूल मुकाट्याने गिळत असे,’ असे कोणी वृद्ध गृहस्थ म्हणतील. गिळत असेल, पण गिळणे म्हणजे आवडणे नव्हे. त्याच धपाट्यांवर वाढलेले किती प्रौढ गृहस्थ आजही कारल्याची वाटी हळूच बाजूस सारतात, हे त्यांनी आपल्याच पंगतीत पाहावे.

आहारतज्ज्ञ एलिन सॅटर ह्यांनी अधिकारांची जी वाटणी सांगितली आहे, ती आम्हांस न्याय्य वाटते. काय, केव्हा व कोठे वाढावयाचे, हे वडील माणसांनी ठरवावे. खावे की नाही व किती खावे, हे मुलाने ठरवावे. ओळखीच्या वरणभाताशेजारी चिमूटभर मेथीची भाजी वाढावी, वर लिंबू पिळावे, म्हणजे भाजीतील लोह अंगी लागण्यास मदत होते. मुलाने ती टाकली तर रागावू नये. दोन दिवसांनी पुन्हा वाढावी. दहा-पंधरा वेळा नाकारलेला पदार्थही पुढे रुचतो. दोन जेवणांमध्ये दोन-तीन तासांचे अंतर राखावे व त्या अवधीत दूध-बिस्किटे देऊ नयेत. मात्र मूल गिळताना वारंवार ठसकत असेल, निस्तेज दिसत असेल किंवा त्याचे वजन वाढत नसेल, तर डॉक्टरांस दाखविण्यास विलंब करू नये.

आमच्या व्यापारी बंधूंस एक विनंती आहे. गिऱ्हाइकाबरोबर आलेल्या मुलाच्या हाती गल्ल्यावरील बरणीतून गोळी ठेवण्यात प्रेम असते, ह्यात शंका नाही. पण तेच प्रेम केळे देऊनही दाखविता येते.

राहता राहिले बाप. मूल जेवले नाही की दोष आईचा, आणि बाप मात्र आधी जेवून मोकळा किंवा वर्तमानपत्रात दंग, ही रीत आता सोडली पाहिजे. मुले पाहून शिकतात. ज्या घरी बाप बायकामुलांबरोबर एका पंगतीस बसून पानातील दोडका आनंदाने खाईल, त्या घरी बागुलबुवास बोलाविण्याची गरज सहसा पडणार नाही. ह्या कामी खर्च काही नाही. लागतो तो केवळ धीर, आणि तो आजच्या रात्रीच्या जेवणापासूनच दाखविता येईल.