किलोमीटरच्या आकड्यापलीकडचे वय

जुनी मोटरसायकल विकताना मालक आणि दलाल दोघेही सर्वांत आधी मीटरवरचा आकडा दाखवतात. ६०० ते ८०० घन सेंटीमीटर क्षमतेच्या, म्हणजे मध्यम वजनगटातील स्पोर्ट्स मोटरसायकलींच्या बाबतीत हा आकडा बहुधा लहानच असतो, कारण अशी गाडी रोजच्या कामाला काढली जात नाही. सुटीच्या दिवशी सकाळी नागपूरच्या अमरावती रोड किंवा वर्धा रोडवर एखादी फेरी होते आणि उरलेला आठवडा ती झाकून उभी असते. मात्र उभ्या गाडीचेही वय वाढतच असते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या नागपूरसारख्या शहरात ते अधिक वेगाने वाढते. बहुतेक रासायनिक अभिक्रियांचा वेग तापमान दर १० अंशांनी वाढले की ढोबळमानाने दुप्पट होतो. गाडीतील रबर, तेले आणि द्रव यांनाही हाच नियम लागू आहे.

टायरचे रबर म्हणजे लांबलचक रेणूंच्या साखळ्या असून गंधकाच्या सेतूंनी त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. उष्णता आणि हवेतील ऑक्सिजन यांमुळे कालांतराने या साखळ्यांमध्ये आणखी सेतू तयार होतात, रबराला मऊ ठेवणारी तेले उडून जातात आणि टायर कडक होतो. वळणावर गाडी कलते तेव्हा तिचा आणि स्वाराचा सारा भार रस्त्याला टेकलेल्या तळहाताएवढ्या रबरावर असतो. हे रबर रस्त्याच्या सूक्ष्म उंचसखलपणात शिरू शकले नाही, तर नक्षी कितीही खोल असली तरी पकड मिळत नाही. टायरच्या बाजूवर चार अंकी संख्या कोरलेली असते, तिचे पहिले दोन अंक उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात, म्हणजे २३२१ ही संख्या २०२१ सालचा तेविसावा आठवडा सांगते. पाच वर्षांपेक्षा जुने टायर दिसायला कितीही चांगले असले, तरी नागपूरच्या खरेदीदाराने त्यांची किंमत शून्य धरावी आणि नव्या जोडीचा खर्च सौद्यातून वजा करावा.

ब्रेक ऑइलची गोष्टही अशीच आहे. ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घसरतो: डॉट ४ या प्रकारच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. जोरात ब्रेक लावल्यावर असे तेल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ दाबली जात असल्याने लिव्हर थेट हँडलपर्यंत येते. मूळचे फिकट पिवळे तेल तपकिरी झालेले दिसले, तर गाडीची देखभाल झालेली नाही हे समजावे. याच वेळी गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लागल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आहे का हेही पाहावे, कारण १२५ घन सेंटीमीटरपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना ती १ एप्रिल २०१९ पासूनच सक्तीची झाली.

इंजिनाची निवड करताना दोन गाड्यांची तुलना उपयोगी ठरते. कावासाकी निन्जा ६५० आणि होंडा सीबीआर ६५० एफ या दोन्हींची क्षमता ६४९ घन सेंटीमीटर आहे. पण पहिलीत दोन सिलिंडर असून तिची कमाल शक्ती मिनिटाला सुमारे ८,००० फेऱ्यांना मिळते, तर दुसरीत चार सिलिंडर असून तिला सुमारे ११,००० फेरे लागतात. समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेशच नसल्याने आणि गाडीचा बराच वेळ सीताबर्डीच्या गर्दीत जाणार असल्याने, कमी फेऱ्यांत जोर देणारे दोन सिलिंडरचे इंजिन नागपूरसाठी अधिक योग्य म्हटले पाहिजे. रेडिएटर, म्हणजे इंजिनातील तापलेले कूलंट हवेने थंड करणारी जाळी, किती उष्णता बाहेर टाकतो हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. कूलंट १०० अंशांवर असताना हिवाळ्यातील २५ अंशांच्या दुपारी हा फरक ७५ असतो, तर मे महिन्यात तो ५५ उरतो, म्हणजे थंड करण्याची क्षमता पाव भागाहून अधिक घटते. जाळीत धूळ अडकली असेल किंवा तिची पाती वाकली असतील, तर उरलेली क्षमताही हाती लागत नाही.

म्हणून तपासणीला जाताना मालकाला गाडी आधी सुरू करू नका असे सांगावे आणि पोहोचताच इंजिनाला हात लावून ते थंडच असल्याची खात्री करावी, कारण गार इंजिन सुरू होण्यास केलेली कुरकुर गरम इंजिन लपवते. नंतर गाडी जागेवरच चालू ठेवून पंखा आपोआप फिरू लागतो का आणि त्यानंतर तापमान खाली येते का, हे पाहावे. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवताना मधोमध खाच जाणवली तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, गेला आहे, आणि पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचा थर दिसला तर सील गळत आहेत.

कागदपत्रांत चासी आणि इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळवावेत आणि कर्जाचा बोजा उतरला आहे का ते पाहावे. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला हस्तांतर कळवायचे असते. शक्य असेल तर गाडीची तपासणी एप्रिल-मेच्या भर दुपारीच करावी, म्हणजे उष्णतेत ती कशी टिकते हेही कळेल.