फ्रेम विकू नका, भिंत पूर्ण करून द्या : घरातली रिकामी भिंत आणि तुमचा छोटा व्यवसाय



'फ्रेमचा व्यवसाय करायचाय, किती माल भरू?' हा प्रश्न मला नेहमी येतो. माझं उत्तर थोडक्यात : सुरुवातीला माल भरूच नका. आधी भिंत समजून घ्या.

असं का म्हणतोय? तयार फ्रेम कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, मॉलमध्ये मिळते, ऑनलाइन तर घरपोच मिळते. तिथे भावात तुम्ही टिकणार नाही. पण फ्रेम घरी आल्यावर ग्राहक अडतो. किती उंचीवर लावायची? एक लावायची की पाच? भोक कोण पाडणार? टाइल फुटली, वायर लागली तर? मग ती फ्रेम कपाटामागे उभी राहते ती राहतेच. हा अडलेला ग्राहक तुमचा आहे. त्याला तुम्ही मोजमाप, मांडणी आणि बसवणं विकताय. फ्रेम त्याच्यासोबत जाते.

मोजमापाचे पाच नियम

हे वहीत लिहून ठेवा. सगळं काम यावरच चालतं.

१. मोकळ्या भिंतीवर चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर येऊ द्या. उभ्या माणसाची नजर तिथेच जाते. आपल्याकडे जुन्या घरांत फोटो छताजवळ, पुढे झुकवून लावायची पद्धत होती. ती सवय अजून आहे, म्हणून ग्राहक 'अजून वर घ्या' म्हणेल. त्याला कागद लावून दोन्ही उंची दाखवा, तो स्वतःच खाली घ्यायला सांगेल.

२. सोफा, पलंग किंवा टेबलाच्या वर लावताना फर्निचरच्या वरच्या कडेपासून ६ ते ८ इंच सोडा. इथे ५७ इंचांचा नियम बाजूला ठेवायचा, नाहीतर चित्र सोफ्यापासून तुटून हवेत तरंगल्यासारखं दिसतं.

३. मांडणीची एकूण रुंदी फर्निचरच्या दोन-तृतीयांश ठेवा.

४. दोन फ्रेममधलं अंतर २ ते ३ इंच आणि सगळीकडे सारखं ठेवा. फ्रेम वेगवेगळ्या मापाच्या असल्या तरी अंतर सारखं असलं की पाच चित्रं मिळून एक चित्र वाटतं.

५. आधी कागद, मग ड्रिल. प्रत्येक फ्रेमच्या बाहेरच्या मापाचा खाकी कागद किंवा वर्तमानपत्र कापा, मास्किंग टेपने भिंतीवर चिकटवा आणि फोटो काढा. घरातल्या सगळ्यांना दाखवा. होकार आला की मगच भोक.

एक उदाहरण करून बघू

समजा सोफा ७८ इंच रुंद आहे. दोन-तृतीयांश म्हणजे ५२ इंच. प्रिंट १२ × १८ इंचांची घेतली. तिच्या चारी बाजूंना सव्वा इंच माउंट आणि पाऊण इंचाची पट्टी धरली, तर फ्रेमचं बाहेरचं माप १६ × २२ इंच होतं. अशा तीन उभ्या फ्रेम म्हणजे ४८ इंच, मधली दोन अंतरं दोन-दोन इंचांची. एकूण बरोबर ५२.

आता उंची. सोफ्याची पाठ ३३ इंचांवर आहे, ८ इंच सोडले की फ्रेमची खालची कड ४१ इंचांवर येते. वरची कड ६३ वर. मग भोक कुठे? बरेच नवीन लोक इथे चुकतात. फ्रेमच्या मागची तार ताणून धरा आणि ती वरच्या कडेपासून किती खाली येते ते मोजा. समजा ३ इंच खाली आली, तर भोक ६० इंचांवर. तिन्ही फ्रेमची तार वेगळी मोजा, कारण फ्रेमवाला तीन तारा एकसारख्या बांधेलच असं नाही.

अवघड भिंती : खरी कमाई इथे आहे

सोफ्यामागची सरळ भिंत ग्राहक कदाचित स्वतः करेल. तुम्हाला बोलावणं येईल ते अवघड भिंतीसाठी.

*जिन्याची भिंत.* रो-हाउस, बंगला, ड्युप्लेक्समध्ये ही हमखास असते. प्रत्येक फ्रेमच्या खालच्या पायरीच्या कडेपासून ५७ इंच वर मोजा आणि खूण करा. खुणा जोडल्या की जिन्याला समांतर तिरकी रेघ मिळते. फ्रेमचे मध्य त्या रेघेवर ठेवा. फ्रेम मात्र सरळच लावायच्या.

*अरुंद पॅसेज.* इथे माणूस चित्रापासून दोन-तीन फुटांवर असतो. एक भलंमोठं चित्र लावलं तर ते दिसतच नाही. लहान चित्रांची एक ओळ लावा. पट्टी पातळ घ्या, येता-जाता खांदा लागतो.

*दोन दारांमधली पट्टी.* रुंदी फूट-दीड फूटच असते. एकाखाली एक, दोन किंवा तीन लहान फ्रेम. दार पूर्ण उघडून बघा, हँडल फ्रेमवर आपटता कामा नये.

*स्विचबोर्ड किंवा एसीची भिंत.* बोर्ड लपवायचा प्रयत्न करू नका. मांडणी त्याच्या कडेपासून सुरू करा, म्हणजे बोर्ड त्याच चौकटीचा भाग वाटतो. एमसीबीचा बॉक्स कधीच झाकायचा नाही. रात्री ट्रिप झाल्यावर तो हाताशी हवा.

भिंत कशाची आहे, आधी ओळखा

भोकातून पडणारी भुकटी सगळं सांगते. लाल आली तर विटांची भिंत, ६ मिलिमीटरचं भोक आणि प्लॅस्टिकचा प्लग पुरतो. करडी भुकटी आणि ड्रिल पुढे सरकेना, तर काँक्रीट. नवीन टॉवरमधल्या मायवान बांधकामात सगळ्याच भिंती अशा असू शकतात, तिथे हॅमर ड्रिल लागतं. पांढरट भुकटी आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत गेलं, तर हलक्या ब्लॉकची भिंत किंवा जिप्समचं पार्टिशन. तिथे हॅमर बंद ठेवा आणि त्या भिंतीसाठीचाच प्लग वापरा. साधा प्लग सैल होतो आणि फ्रेम खाली येते.

स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नका, आतून वायरचे पाइप गेलेले असतात. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीत पाण्याची लाइन असू शकते. मालकाला विचारल्याशिवाय ड्रिल चालू करायचं नाही.

भाड्याच्या घरात चिकटपट्टीचे हुक चालतात, पण फक्त हलक्या फ्रेमसाठी आणि पक्क्या रंगावर. चुन्याच्या किंवा साध्या डिस्टेंपरच्या भिंतीवर पट्टी रंगासकट निघून येते.

आणि पावसाळा! कोकणात, मुंबईत बाहेरच्या बाजूच्या भिंतींना ओल येते. 'पावसाळ्यात ही भिंत ओलावते का?' हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. पोपडे दिसले तर ती भिंत नको म्हणून सांगा. बुरशी आलेली एक फ्रेम तुमची पुढची दहा कामं घालवते. बाकी भिंतींवरही फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबरी ठिपके लावा, हवा खेळती राहते.

खिडकीसमोरच्या भिंतीवर काच चमकते, तिथे मॅट लॅमिनेशन सुचवा. मुलांच्या पलंगावर काचेऐवजी ॲक्रिलिक.

चित्रं कुठून आणायची?

इंटरनेटवर दिसलं, डाउनलोड केलं, छापलं आणि विकलं, हे करू नका. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावर चित्रकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, धुरंधर १९४४ साली. त्यांच्या चित्रांची मुदत संपली आहे. हुसेन २०११ साली गेले, म्हणजे त्यांची चित्रं छापून विकता येणार नाहीत.

वारली किंवा पिंगुळीची चित्रकथी हवी असेल तर थेट कलाकाराकडून मूळ चित्र घ्या. त्याला पैसे मिळतात आणि ग्राहकाला सांगायला तुमच्याकडे गोष्ट असते. घरातले जुने फोटो स्कॅन करून छापणं हाही उत्तम मार्ग. तिथे एक काळजी घ्या. दिवंगतांचे आणि देवाचे फोटो कुठे लावायचे याबद्दल प्रत्येक घराचे संकेत असतात. नातवाच्या वाढदिवसाच्या फोटोंमध्ये गेलेल्या आजोबांचा फोटो बसवण्याआधी काकूंना विचारा. 'तुमच्याकडे कसं ठेवतात?' एवढं विचारलंत तरी विश्वास बसतो.

भाव कसा लावायचा?

खालचे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमच्या गावचे भाव टाकून बघा. वरच्याच तीन फ्रेम घेऊ.

– प्रिंट, माउंट, फ्रेम : ७०० × ३ = २,१०० रुपये
– प्लग, स्क्रू, कागद, पॅकिंग : १०० रुपये
– ड्रिलवाला कारागीर : ५०० रुपये
– दोन फेऱ्यांचा प्रवास : ३०० रुपये
– एकूण खर्च : ३,००० रुपये

'एक फ्रेम हजार रुपये, लावून देतो' असं म्हणालात तर हातात येतात ३,०००. म्हणजे नफा शून्य, आणि तुमचा दिवस फुकट. माल ७०० चा, विकला हजाराला, म्हणून फायदा झालासा वाटतो. बसवणं फुकट दिल्याने तो सगळा जातो.

आता तेच काम असं लिहा : तीन फ्रेम ३,०००, मोजमाप आणि मांडणी १,०००, बसवणं १,५००. एकूण ५,५००. तुमच्याकडे २,५०० राहिले. ग्राहकालाही दिसतं की तो कशाचे पैसे देतोय. भाव कमी करा म्हणाला तर एक फ्रेम कमी करा, बसवण्याचे पैसे सोडू नका.

दोन सवयी पहिल्या दिवसापासून लावा. भेटीचे ३०० रुपये घ्या आणि ऑर्डर आली की बिलातून वजा करा, म्हणजे नुसती चौकशी करणारे गळतात. आणि फ्रेम करायला टाकण्याआधी निम्मी रक्कम ॲडव्हान्स. मापाची फ्रेम दुसऱ्या कुणाला विकता येत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

टेप, खाकी कागद, मास्किंग टेप, पेन्सिल आणि एक लेव्हल पट्टी, एवढंच भांडवल घ्या. स्वतःच्या घरातली एक भिंत वरच्या नियमांनी करा. आधीचा, कागदाचा आणि नंतरचा असे तीन फोटो एकाच जागेवर उभं राहून काढा. मग ओळखीतली एक अवघड भिंत करा, फक्त मालाचे पैसे घेऊन. तिसरी भिंत मात्र पूर्ण भावात, नातेवाईक असले तरी.

तीन भिंतींचे नऊ फोटो झाले की तुमच्याकडे दाखवायला काम आहे. मग सोसायटीच्या ग्रुपवर टाका. तुमची पहिली भिंत कोणती आणि ती कुठे अडली, ते व्हिडिओखाली मापांसकट लिहा. मापं असतील तर उत्तर देता येतं!