खळग्यांच्या मुलखातला वसंत

आपल्याकडे थापट्या आणि तलवार बदक हिवाळ्यात नांदूर मधमेश्वरला येतात, म्हणून ‘स्थलांतर म्हणजे थंडीपासून पळ’ हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. याच दोन जाती उत्तर अमेरिकेतही आहेत. वसंतात त्या दक्षिणेकडून सॅस्कॅचेवान, मॅनिटोबा, डकोटाच्या गवताळ प्रदेशात पोचतात, तेव्हा तिथे मोठ्या तळ्यांवर अजून बर्फ असतो. दिवस लांबू लागला की त्यांच्या शरीरात विणीची तयारी सुरू होते. ऊब शोधायची असती तर दक्षिणच बरी होती!

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: पक्षी म्हटलं की मोठं, निळंशार तळं हवं. या प्रदेशात सुमारे 10-12 हजार वर्षांपूर्वी मागे हटणाऱ्या हिमनद्यांनी लाखो उथळ खळगे सोडले. त्यांतले कित्येक फक्त बर्फ वितळताना भरतात आणि उन्हाळ्यात आटतात. शेतकऱ्याला ती नांगराच्या वाटेतली डबकी वाटतात, आणि अशी असंख्य डबकी चर खणून रिकामी केली गेली. पण उथळ पाणी आधी तापतं, त्यात किड्यांच्या अळ्या आणि गोगलगायी आधी वळवळू लागतात. अंडी घालायची तर मादीला प्रथिनं लागतात. एरवी दाण्यांवर राहणारी बदकंही या दिवसांत किडेच वेचतात. उत्तर अमेरिकेतली निम्म्याहून अधिक बदकं याच खळग्यांच्या मुलखात जन्मतात, ती या गढूळ पाण्याच्या जिवावर.

खळगा आटला म्हणजे मेला, हेही खरं नाही. कोरड्या पडलेल्या तळाशी वनस्पती कुजतात, बिया रुजतात. पुन्हा पाणी आलं की तोच खळगा आधीपेक्षा सकस होतो. कायम तुडुंब ठेवला तर उलट निकृष्ट होत जातो.

आणि नर वाट दाखवतो, मादी मागून जाते? बहुतेक बदकांत नेमकं उलट. जोड्या हिवाळी मुक्कामीच जुळतात. मादी आपल्या जन्मगावच्या परिसराकडे परतते आणि नर तिच्यामागे जातो. घरजावईच म्हणा.

राहिला आकड्यांचा घोळ. ‘यंदा बदकं दिसली नाहीत, म्हणजे संपली.’ अमेरिका आणि कॅनडा 1955 पासून वसंतात विमानातून बदकं मोजतात, आणि सोबत पाणी असलेले खळगेही, कारण एक आकडा दुसऱ्याशिवाय वाचता येत नाही. दुष्काळी वर्षी तलवार बदकं न थांबता आणखी उत्तरेला निघून जातात. तिथे ती जगतात, पण पिल्लं कमी होतात. तरीही तलवार बदक घटलंय हे खरंच आहे. ते फार लवकर, गेल्या हंगामाच्या कापलेल्या पिकाच्या खुंटांत घरटं करतं, आणि अंडी उबण्याआधीच त्या शेतात पेरणीची यंत्रं फिरतात.