शिवी, श्लेष आणि हशा

विनोदी चित्रपटात शिव्यांचा भडिमार केल्याने हशा वाढतो की विनोद उथळ होतो, हा वाद मराठीला नवा नाही. मात्र तो बहुधा नीतीच्या अंगाने घातला जातो आणि त्यामुळे विनोदाच्या घडणीचा प्रश्न बाजूला पडतो. चित्रपटाच्या दृष्टीने विचारण्याजोगी गोष्ट एवढीच की, प्रेक्षक हसतो तो नेमका कशाला.

संस्कृत काव्यशास्त्राने अश्लीलता हा दोष मानला आणि लाज, किळस व अमंगळाची भावना उत्पन्न करणारी अशी तिची तीन रूपे सांगितली. परंतु प्रसंग आणि बोलणारे पात्र यांनुसार हा दोष दोष उरत नाही, हेही मम्मटासारख्या आचार्यांनी मान्य केले. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात मांडलेला औचित्यविचार, म्हणजे जे जिथे शोभते ते तिथेच असावे हा निकष, शिवीलाही लागू पडतो. आधुनिक काळात फ्रॉइडने १९०५ च्या आपल्या ग्रंथात, दडपलेल्या भावनेला विनोद वाट करून देतो, असे प्रतिपादन केले. पण नुसते अचकट-विचकट बोलणे आणि त्यावर रचलेला विनोद यांत त्याने फरक केला, कारण विनोदाला आडवळण लागते आणि ते पार करण्याचे काम ऐकणाऱ्याकडे सोपवावे लागते.

हे आडवळण मराठी चित्रपटाला तमाशाकडून मिळाले. गण, गवळण, बतावणी आणि वग अशी तमाशाची जी रचना असते, तीत बतावणी म्हणजे सोंगाड्याने केलेली हजरजबाबी, बहुधा चावट बोलाचाली होय. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याने हा प्रकार १९६० च्या दशकात शहरी प्रेक्षकांपुढे आणला, त्यातूनच दादा कोंडके नावारूपाला आले आणि सबनीसांनीच लिहिलेल्या 'सोंगाड्या' (१९७१) या चित्रपटाने ते घराघरांत पोहोचले. कोंडके यांचा विनोद द्व्यर्थी होता, म्हणजे एकाच वाक्याचा एक अर्थ साळसूद आणि दुसरा कमरेखालचा असे. नाडी लोंबणारी अर्धी विजार घातलेले त्यांचे भाबडे पात्र पहिलाच अर्थ ठाऊक असल्यासारखे बोलत राही, दुसरा अर्थ प्रेक्षकाच्या मनात तयार होई आणि चोरी पकडली गेल्यासारखा तो हसत सुटे. त्यांच्या लागोपाठच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव, म्हणजे पंचवीस आठवड्यांची मजल, गाठली आणि त्याची नोंद गिनीज बुकाने घेतली.

परिनिरीक्षण मंडळ, म्हणजे बोलीभाषेतले सेन्सॉर बोर्ड, या विनोदापुढे वारंवार पेचात पडे, कारण कात्री लावावी असा उघड शब्द हाती लागत नसे. १९५२ च्या चलच्चित्र कायद्याखाली १९९१ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत हीन अभिरुचीला खतपाणी घालणाऱ्या द्व्यर्थी शब्दांचा स्वतंत्र उल्लेख आहे, यावरून शिवीपेक्षा श्लेष अधिक निसटता असतो, हे ध्यानात येते. अर्थात द्व्यर्थी विनोदाचे ओझे बहुतेक वेळा पडद्यावरील स्त्रीच्या देहावर टाकले गेले, हा त्यावरील आक्षेप रास्तच आहे. चतुर रचनेमुळे विनोद आपोआप निर्दोष ठरत नाही.

सबनीसांच्याच संवादांनी सजलेला 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) या संदर्भात विशेष बोलका आहे. भाड्याची खोली मिळावी म्हणून स्त्रीवेश घेतलेल्या परशुराम या तरुणाची पार्वती होते, तिला दिवस गेल्याचे सोंग आणावे लागते आणि तिचे डोहाळजेवणही थाटात पार पडते. या प्रसंगात वाह्यातपणाला हवा तेवढा वाव असूनही एकही शिवी येत नाही, कारण घरमालकिणीला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असणे हाच हशाचा झरा आहे. तिथे शिवी घातली असती, तर प्रसंगात साठलेला ताण वेळेआधीच फुकट गेला असता.

याची दुसरी बाजूही आहे. अभिनय देव यांच्या 'देल्ही बेली'त (२०११) शिव्यांची रेलचेल आहे, तरी तो चित्रपट रंगला. कारण तस्करीच्या हिऱ्यांच्या जागी शौचाचा नमुना पोहोचल्यावर गुंड मागे लागलेल्या तरुणांच्या तोंडी सोवळी भाषा खोटी वाटली असती आणि विनोदाचा पाया त्या अदलाबदलीत होता. इंग्लंडमधील कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स यांनी केलेल्या प्रयोगांत, बर्फगार पाण्यात हात धरून ठेवणाऱ्यांना शिवी दिल्याने वेदना अधिक सोसता आली, पण रोज ऊठसूट शिव्या देणाऱ्यांना हा लाभ कमी झाला. हा प्रयोग वेदनेविषयीचा असला, तरी त्यातील सवयीचा नियम विनोदालाही लावून पाहता येतो: पहिल्या शिवीला दचकून हसणारा प्रेक्षक विसाव्या शिवीला हसेनासा होतो. शिवाय शिव्यांमुळे 'अ', म्हणजे केवळ प्रौढांसाठीचे, प्रमाणपत्र मिळाले की मुलाबाळांसह येणारे कुटुंब चित्रपटगृहाबाहेर राहते, आणि मराठी चित्रपटाला हा तोटा सहजी परवडणारा नसतो.

वऱ्हाडात या प्रश्नाला बोलीचा आणखी एक पदर आहे. 'बह्याड', 'बयताड' हे वेडपट या अर्थाचे शब्द इथे रागापेक्षा लडिवाळपणेच अधिक फेकले जातात. परंतु बाहेरच्या कानाला हा रोखठोक हेल उर्मट वाटतो आणि पडद्यावर गावरान माणूस आणायचा म्हणजे त्याला शिवराळ करायचे, अशी सोपी वाट धरली जाते. दारव्हा तालुक्यातील बोरी अरब येथे जन्मलेले कवी शंकर बडे (१९४७–२०१६) यांनी 'बॅरिस्टर गुलब्या' या वऱ्हाडी एकपात्री प्रयोगातून ही बोली विनोदासाठी रंगमंचावर आणली. बोलीचा ठसका, माणसाची लकब आणि बोलण्यातील विराम यांच्या बळावर एकटा माणूस श्रोत्यांना खिळवून ठेवू शकतो, हे अशा प्रयोगांनी सिद्ध केले आहे.

तेव्हा शिवी विनोदाला मारक किंवा तारक असते, असा सरसकट निवाडा देता येत नाही. संहितेतून सगळ्या शिव्या गाळून पाहाव्यात आणि प्रसंग तरीही हसवत असेल, तर त्या शिव्या पात्राच्या स्वभावाचा भाग म्हणून खुशाल ठेवाव्यात. पण त्या गाळताच प्रसंग कोरडा पडत असेल, तर तिथे विनोद लिहायचाच राहून गेला आहे, हे लेखकाने ओळखावे.